गुरुवार धरून आखलेली सहल : व्हॅलेन्सियातले साडेतीन दिवस

2025 च्या ऑगस्टमध्ये आई-बाबा धुळ्याहून आमच्याकडे म्युनिकला आले. शहरही पाहता येईल आणि समुद्रही मिळेल अशा ठिकाणी त्यांना सप्टेंबरअखेर तीन-चार दिवस न्यायचे, हे मी आधीच ठरवले होते. त्यांचा शेंगेन व्हिसा जर्मनीचा असला तरी त्यावर स्पेनला जाता येते आणि व्हिसासाठी काढलेला प्रवास विमाही साऱ्या शेंगेन देशांत चालतो, त्यामुळे कागदपत्रांचे काम उरले नव्हते. बार्सिलोनातली गर्दी बाबांच्या गुडघ्यांना झेपली नसती. स्पेनमधलेच व्हॅलेन्सिया त्या मानाने आटोपशीर, बहुतांशी सपाट, आणि ट्रामने किनाऱ्यावर नेऊन सोडणारे शहर आहे, म्हणून तेच नक्की केले.

पहिला आराखडा मी शनिवार ते मंगळवार असा केला, कारण त्या दिवसांची विमानाची तिकिटे स्वस्त होती. तिकिटे काढण्याआधी, नशिबानेच म्हणायचे, मी तो जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. शहराची मध्यवर्ती मंडई, म्हणजे 1928 साली उघडलेले मेर्कादो सेंत्राल, रविवारी बंद असते आणि सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात, हे माझ्या तोपर्यंत लक्षात आले होते. पण बाबांची हरकत वेगळीच होती. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मी हॉटेले शोधत होते तेव्हा त्यांनी स्वतंत्रपणे आपला अभ्यास केला होता. त्यांनी एवढेच विचारले, "पाण्याचं न्यायालय दर गुरुवारी दुपारी बाराला भरतं. तुझ्या यादीत गुरुवार कुठे आहे?"

हे न्यायालय कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दरवाजासमोर, उघड्यावर भरते. तुरिया नदीवरून निघणाऱ्या आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी काळे झगे घालून बसतात, पाण्याच्या तक्रारी तोंडी ऐकतात आणि निकालही तिथल्या तिथे देतात. 2009 साली युनेस्कोने या प्रथेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. धुळ्याच्या पांझरा नदीकाठी फड पद्धतीतल्या, म्हणजे सामुदायिक सिंचनातल्या, पाटकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या लावताना पाहिलेल्या माणसाला हे चुकवायला सांगणे मला शक्य नव्हते. तिकिटे थोडी महाग पडली, पण सहल बुधवार संध्याकाळ ते रविवार सकाळ अशी सरकली आणि त्याबरोबर मंडईचा प्रश्नही आपोआप मिटला.

राहण्याच्या जागेने मात्र माझा सर्वाधिक वेळ खाल्ला. किनाऱ्याजवळच्या काबान्याल वस्तीतले पहिले घर मी 'पहिला मजला, लिफ्ट नाही' एवढे वाचून आरक्षित केले. एक मजला बाबा चढतील असा माझा हिशेब होता. नंतर कळले की स्पेनमधल्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर आधी 'एंत्रेस्वेलो', त्यावर 'प्रिन्सिपाल' आणि मग 'पहिला' मजला येऊ शकतो. मालकाला विचारल्यावर त्याने प्रांजळपणे सांगितले की पायऱ्या बावन्न आहेत. आरक्षण विनाशुल्क रद्द करता येण्याजोगे होते म्हणून वाचले. पुढच्या प्रत्येक घरमालकाला मी मजला न विचारता पायऱ्यांची संख्याच विचारली. अखेरीस ट्रामच्या थांब्याजवळ लिफ्ट असलेले आणि स्वयंपाकघर असलेले घर मिळाले.

स्वयंपाकघराचा आग्रह आईचा होता. ती अंडेही खात नाही. व्हॅलेन्सियाच्या मूळ पाएयात, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध भाताच्या पदार्थात, कोंबडी आणि ससा असतो, आणि नुसत्या भाज्यांचा पाएया मागितला तरी तो कोणत्या रश्श्यात शिजवला हे विचारावेच लागते. शिवाय पाएया बहुतेक ठिकाणी निदान दोघांसाठीच करतात आणि तिथले लोक तो दुपारी, तोही दोन वाजल्यानंतर खातात. म्हणून दुपार बाहेर आणि रात्री खिचडी असे ठरले. ओर्चाता हे पेय एका कंदापासून करतात, त्यात दूध नसते आणि अंडे तर नसतेच. ते आईला इतके आवडले की तिच्या पेयाची सोय रोज वेगळी करावी लागली नाही.

आणखी एक गोष्ट ऐन वेळी ध्यानात आली. गणपतीपुळ्याच्या सवयीने आई "समुद्रात सूर्य बुडताना बघायचाय" असे पहिल्या दिवसापासून म्हणत होती, आणि व्हॅलेन्सियाचा समुद्र पूर्वेला आहे. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो. मालवारोसाच्या किनाऱ्यावर पहाटे जायला हवे म्हणून मी कुरकुरले, तर सप्टेंबरअखेर सूर्योदयच आठला जेमतेम दहा मिनिटे असताना होतो! सूर्यास्तासाठी दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटरवरचे आल्बुफेरा सरोवर निवडले. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये वाळूची पट्टी आहे आणि तिच्यावरून पश्चिमेकडे पाण्यावर मावळता सूर्य दिसतो.

गुरुवारी आम्ही साडेअकरालाच जाऊन उभे राहिलो. मंडळी येऊन बसली आणि चोपदाराने एकेका कालव्याचे नाव घेऊन तक्रार आहे का असे पुकारले. त्या दिवशी कुणाचीच तक्रार नव्हती. पाच मिनिटांत सारे आटोपले आणि जमलेले पर्यटक हिरमुसले. बाबा मात्र खूश होते. "तक्रार नाही म्हणजे वाटप नीट चाललंय," असे म्हणून त्यांनी ओळीने आठही कालव्यांची नावे वहीत उतरवली.

शुक्रवारी किनारा झाला. आईने पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहून "भरती कधी येते?" असे विचारले, आणि भूमध्य समुद्रात इथे भरती-ओहोटी जवळपास जाणवतच नाही हे ऐकून तिने निर्धास्तपणे चपला पाण्याच्या काठाशीच ठेवल्या. शनिवारी सकाळी तुरियाच्या जुन्या पात्रातून चाललो. 1957 च्या ऑक्टोबरातल्या महापुरानंतर नदी शहराच्या दक्षिणेला वळवली, आणि रिकाम्या पात्रात आता सुमारे नऊ किलोमीटरची बाग आहे. 2024 च्या ऑक्टोबरातल्या पुरात दोनशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा जुने शहर या नव्या पात्रामुळे वाचले, पण त्याच्या पलीकडची गावे बुडाली. हे बाबांना माहीत होते, आणि त्या बागेतून चालताना ते फारसे बोलले नाहीत.

संध्याकाळी बसने आल्बुफेराला गेलो. पुजोलच्या धक्क्याशी माणसे फोन उंचावून पश्चिमेकडे वळली होती आणि आईही त्यांच्यात होती. बाबा सगळ्यांकडे पाठ करून, सरोवराचे पाणी समुद्रात सोडणारी दारे पाहत उभे होते. भातशेतीसाठी पाण्याची पातळी याच दारांनी राखतात. "ही दारं उघडायची, ते ठरवतं कोण?" त्यांनी मला विचारले. मी एका नावाड्याला मोडक्या स्पॅनिशमध्ये तोच प्रश्न केला. त्याने हसून मागच्या भातखाचरांकडे बोट दाखवले.