पासवर्ड होता माझाच मोबाईल नंबर

दोन वर्षांपूर्वी फायबर जोडायला आलेल्या मुलाने वायफायला माझाच मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून टाकून दिला. "लक्षात राहील, काका!" राहिला खरा. पण तोच नंबर स्कूटरच्या पार्किंग स्टिकरवर आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावरही आहे, हे डोक्यात आलं ते परवा, नेट फारच रखडायला लागल्यावर.

ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगचा पत्ता टाकला, १९२.१६८.१.१. युजर ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. पहिल्या फटक्यात आत! जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. घरात मोजून सात, यादीत अकरा. हात शिवशिवले. अनोळखी दिसेल ते ब्लॉक करत सुटलो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज: "अहो, माझं नेट गेलं!" हल्लीचे फोन आपला खरा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायचा क्रमांक, लपवून भलताच दाखवतात, म्हणून बायकोचा फोनही मला परका वाटला होता. शिवाय असा पत्ता बदलताही येतो, म्हणजे एकेकाला ब्लॉक करणं बिनकामाचंच.

मग रीतसर सुरुवात केली. आधी ॲडमिनचा पासवर्ड बदलला. वायफायचा बदलून हाच तसाच ठेवला, तर आत शिरलेला कोणीही सगळं पुन्हा फिरवू शकतो. वायफायला चार असंबद्ध मराठी शब्द आणि मध्ये आकडे, एकूण बावीस अक्षरं. वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत म्हणून हौसेने नुसतं डब्ल्यूपीए३ निवडलं, तर प्रिंटर रुसला. तो २०१५चा, डब्ल्यूपीए३ आलं २०१८ साली. शेवटी डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय ठेवला.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, मात्र आठवणीने बंद केलं. त्याची पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. उरतात जेमतेम अकरा हजार. पासवर्ड कितीही लांब असो, हे दार उघडं राहिलं की संपलं. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं. त्यावरून घरातला प्रिंटर दिसत नाही.

हे सगळं तासाभरात झालं. खरी परीक्षा टीव्हीची. रिमोटच्या बाणांनी बावीस अक्षरं! मी एकेक अक्षर सांगतोय, बायको बाण दाबतेय. सतराव्या अक्षरावर चुकून बॅक दाबलं गेलं आणि सगळं पुसलं.

"नंबर काय वाईट होता?" ती म्हणाली आणि रिमोट माझ्या हातात देऊन उठली.