जुनी बॉक्सटर किंवा केमन घेताना ‘एस’ बिल्ल्याचे पैसे किती द्यायचे?

सेकंड हँड पोर्श बॉक्सटर (छप्पर उघडणारी) किंवा केमन (बंद छपराची) शोधायला निघालेले बहुतेक जण साधी की तिचीच जास्त ताकदीची एस आणि जीटीएस रूपं, यांत अडकतात. आमच्या मते हा प्रश्न जरा उशिरा विचारायचा आहे. आधी गाडी कोणत्या पिढीची आहे ते ठरतं, मग तिचा सर्व्हिस रेकॉर्ड आणि तिच्यावर कंपनीतून काय काय बसवून आलंय ते. या तिन्हींत समाधान झालं की मगच मागच्या बिल्ल्याकडे बघावं, कारण काही पिढ्यांमध्ये साधी गाडी हीच जास्त शहाणपणाची ठरते.

पिढी ओळखायला आरसी पुरते. त्यावरचा सीसी आकडा आणि वर्ष वाचा. २००५ ते २००८ च्या ९८७ मालिकेत (हे कंपनीचे पिढ्यांचे क्रमांक) साधी २,६८७ सीसी, सुरुवातीची बॉक्सटर एस ३,१७९ आणि नंतरची एस ३,३८७ सीसी. २००९ ला इंजिन पूर्ण बदललं, तेव्हा साधी २,८९३ आणि एस ३,४३६ झाली. २०१२ पासूनच्या ९८१ मध्ये साधी २,७०६, एस आणि जीटीएस दोन्ही ३,४३६. २०१६ पासूनच्या ७१८ मध्ये चार सिलिंडरचं टर्बो आलं: साधी १,९८८, एस २,४९७. २०२० च्या सुमाराची जीटीएस ४.० मात्र ३,९९५ सीसीची, सहा सिलिंडर आणि बिनटर्बोची. मागे ‘एस’ लिहिलंय आणि आरसीवर २,७०६ आहे, तर बिल्ला बाजारातून आणून चिकटवलाय. ब्रेकच्या कॅलिपरच्या रंगावर भिस्त ठेवू नका. कंपनी साध्या गाडीला काळे आणि एसला लाल देते हे खरं, पण लाल रंगाचा डबा कुठेही मिळतो.

आता २००५ ते २००८ च्या गाड्यांबद्दल, कारण स्वस्त म्हणून लोक आधी तिथेच वळतात. इथे बिल्ल्याचं गणित उलटं आहे. ३,३८७ सीसीच्या एस इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा आजार आहे. साध्या २.७ मध्ये तो फार कमी दिसतो. लक्षणं अशी: इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला लयीत टिक-टिक आवाज, आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये सारखं ऑइल टाकावं लागणं. खात्री करायची तर स्पार्क प्लग काढून बोरोस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) घालायचा आणि सहाही सिलिंडर बघायचे. उभ्या रेघा दिसल्या तर ती गाडी सोडा. इंजिन उतरवून सिलिंडरला स्लीव्ह (नवं अस्तर) बसवण्याचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

याच मालिकेत इंटरमीडिएट शाफ्टच्या (इंजिनातला, व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॅमशाफ्टना गती पोचवणारा मधला दांडा) बेअरिंगची भीती साधी आणि एस दोघींना आहे. सुरुवातीच्या इंजिनांत लहान बेअरिंग होतं. ते क्लच काढल्यावर बदलता येतं. नंतर मोठं आलं. ते कमी वेळा जातं, पण इंजिन फोडल्याशिवाय निघत नाही. तपासायची पद्धत स्वस्त आहे. ऑइल बदलताना जुना फिल्टर फेकू द्यायचा नाही. त्याच्या कागदी घड्या उलगडून उजेडात धरा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारा चुरा म्हणजे लोखंड, आणि बेअरिंग पोलादाचं असतं. विकणारा फिल्टर उघडू देत नसेल तर उत्तर मिळालं असं समजा.

२००९ नंतरच्या इंजिनात हा शाफ्टच नाही, म्हणून बजेट थोडं ताणता येत असेल तर तिथून पुढे बघा. ९८७ च्या या दुसऱ्या टप्प्यात साध्या २.९ मध्ये पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये फवारलं जातं, एसमध्ये थेट सिलिंडरमध्ये. थेट फवाऱ्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साठत जाते. साध्या गाडीला ही कटकट नाही. याच टप्प्यात पाच गिअरची टिपट्रॉनिक ऑटोमॅटिक जाऊन सात गिअरची, दोन क्लचची पीडीके ऑटोमॅटिक आली, आणि दादर-परळच्या ट्रॅफिकमध्ये ही सुधारणा एसच्या जादा ताकदीपेक्षा जास्त जाणवते.

९८१ आमची सर्वात आवडती. साधी बॉक्सटर २६५ पीएस (अश्वशक्ती), एस ३१५, जीटीएस ३३०. केमनमध्ये प्रत्येकी दहा जास्त. कागदावर साधी पीडीके बॉक्सटर शून्य ते शंभर ५.७ सेकंदांत, एस ५ सेकंदांत. मुंबईत हा फरक कुठे वापरणार? कोस्टल रोडवर आणि सी-लिंकवर ८० ची मर्यादा आहे, बोगद्यात ६० ची. २.७ चा टॉर्क साडेचार हजार आरपीएमच्या वर खुलतो, पण तिथे दुसऱ्या गिअरमध्येच वेग ८० च्या आसपास पोचतो. एसमध्ये ती मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. लोणावळा-खंडाळ्याच्या पलीकडे वारंवार जाणारा किंवा ट्रॅक डेला उतरणारा माणूस असेल, तर एस घेण्यात अर्थ आहे. पुढच्या डिस्क ३१५ ऐवजी ३३० मिलिमीटरच्या मिळतात आणि त्या फरकाचा तिथे उपयोग होतो.

७१८ चं चित्र वेगळं. साध्या दोन लिटर टर्बोला ३८० एनएम टॉर्क १,९५० आरपीएमपासूनच मिळतो, त्यामुळे शहरात ती ९८१ च्या एसपेक्षाही चपळ वाटते. आवाज मात्र फ्लॅट-फोरचा (आडव्या चार सिलिंडरचा) आहे, कोल्ड स्टार्टला खडबडतो, आणि पुष्कळांना तो शेवटपर्यंत रुचत नाही. म्हणून सौदा करण्याआधी थंड इंजिनवर सुरू करून ऐका, शोरूमवाल्याने आधीच तापवून ठेवलेल्या गाडीवर नको. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं हवं, ९५ च्या खाली मुळीच नाही. टर्बो इंजिनाला हलकं पेट्रोल घातलं की संगणक इग्निशन मागे घेतो आणि ज्या ताकदीसाठी एसचे जादा पैसे मोजले तीच कमी होते.

आता चाकं. यावर लोक पाच मिनिटंही घालवत नाहीत, आणि मुंबईत सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. ९८१ ला साधीवर १८ इंची चाकं येतात, एसवर १९, जीटीएसवर २०. पुढचे टायर अनुक्रमे २३५/४५, २३५/४० आणि २३५/३५. यातला दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. हिशेब केला तर टायरची भिंत १८ इंचीवर सुमारे १०६ मिलिमीटर, १९ वर ९४, २० वर ८२. जुलैमध्ये पाण्याखाली लपलेला खड्डा आणि रिम यांच्यामध्ये एवढंच रबर असतं. २० इंची रिमला आतल्या कडेला बाक किंवा केसासारखी चीर येते आणि ती बाहेरून दिसत नाही. लिफ्टवर चाक काढून, आतून पुसून, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघायचं. वेल्डिंगचा डाग दिसला तर त्या रिमची किंमत शून्य धरा. वरून ९८१ आणि ७१८ मध्ये पीएएसएम (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं) सस्पेन्शन घेतलं की गाडी १० मिलिमीटर खाली बसते, आणि जीटीएसला ते स्टँडर्ड आहे. सोसायटीच्या पोडियमचा रॅम्प आणि स्टॅक पार्किंगच्या पॅलेटची कड या दोन जागा गाडी घेण्याआधी मोजा. ट्रायलला दुसरीकडे नेण्याऐवजी गाडी सरळ स्वतःच्या पार्किंगमध्ये घालून बघू द्या म्हणावं.

टायरवर पोर्शच्या मंजुरीची ‘एन’ खूण आहे का, चारही टायरचा उत्पादन-आठवडा जवळपास सारखा आहे का, तेही बघा. मागचे २६५ चे रुंद टायर तीन मिलिमीटरच्या खाली झिजले असतील तर पावसात साचलेल्या पाण्यावर मागची बाजू तरंगते. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो, पाऊस घेत नाही.

ऑप्शनची यादी बिल्ल्यापेक्षा महत्त्वाची आहे असं आम्ही का म्हणतो? कारण बऱ्याच साध्या गाड्यांवर पहिल्या मालकाने पीएएसएम, स्पोर्ट क्रोनो (स्टॉपवॉच आणि जास्त तेज मोडचं पॅकेज), स्पोर्ट्स एक्झॉस्ट आणि चांगल्या सीट घेतलेल्या असतात, तर एखादी एस अगदी कोरी निघते. पुढच्या डिकीच्या झाकणाखाली आणि सर्व्हिस बुकमध्ये कोडचं स्टिकर असतं. उदाहरणार्थ ९८७ वर ४७५ म्हणजे पीएएसएम. चासी नंबर देऊन पूर्ण यादी काढून घ्या आणि गाडीशी एकेक ताडून बघा. बाजारातून नंतर बसवलेल्या एक्झॉस्टला ऑप्शन म्हणून पैसे द्यायचे नाहीत. पिवळे कॅलिपर कंपनीतूनच आलेले असतील तर ते सिरॅमिक ब्रेक आहेत. सेकंड हँडमध्ये ते टाळा, डिस्क बदलायची वेळ आली की गाडीचा सौदाच फसतो.

इंजिन मध्यभागी बंदिस्त असल्यामुळे वरून काहीच कळत नाही. लिफ्टवर घ्या, खालचे प्लास्टिक पॅनल काढायला लावा. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत टॉर्च मारा. आत एसीचे कंडेन्सर आणि त्यांच्यामागे रेडिएटर आहेत, आणि गुलमोहर-पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तिथे साचून ओली राहतात. त्यात समुद्राची खारी हवा मिळाली की अ‍ॅल्युमिनियम कुजतं. एसी जेमतेम गार करतो आणि विकणारा ‘फक्त गॅस भरायचाय’ म्हणतो, तेव्हा कंडेन्सर भोक पडलेला आहे असं धरून भाव करा. ९८७ मध्ये पंख्याचा रेझिस्टर जळतो आणि पंखा हळू गतीवर फिरायचा बंद होतो. एसी लावून गाडी दहा मिनिटं उभी ठेवली की कळतं.

बॉक्सटरचं छप्पर अर्धं उघडून थांबवा. दोन्ही कडांना पाणी निघायची भोकं आहेत. तिथे बाटलीने सावकाश लिटरभर पाणी ओता, ते मागच्या चाकांच्या पुढे खाली पडायला हवं. पडलं नाही तर ते आत गालिच्याखाली जातंय. सीटमागचा गालिचा हाताने दाबून ओल आणि कुबट वास तपासा. केमनला हा त्रास नाही, पण काचेखाली बॅटरीभोवतीचे निचरे दोघींनाही आहेत आणि तेही पानांनीच तुंबतात.

डायग्नोस्टिक मशीनवर इंजिन किती तास चाललंय तो आकडा मागा आणि किलोमीटरला त्याने भागा. मुंबईतल्या गाडीची सरासरी ताशी वीस-पंचवीस आली तर ठीक. मीटरवर १५,००० किलोमीटर आणि इंजिनाचे १,५०० तास, म्हणजे सरासरी दहा. अशा वेळी मीटर मागे फिरवलाय का, याचा शोध घ्यायलाच हवा. मॅन्युअल गाडीत ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याची, नोंदही छापून घ्या. चुकून पाचव्याऐवजी तिसरा पडला असेल तर तिथे दिसतं. पीडीके असा गिअर पडूच देत नाही.

गाडी बाहेरच्या राज्यातली असेल तर व्हेरियंटची घासाघीस करण्याआधी कर विचारा. फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ विकणाऱ्याकडून आणि बँकेकडून आधी हातात घ्या. मग ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जिथला पत्ता तिथल्या आरटीओत महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. गाडी जितकी महाग तितका तो जास्त, त्यामुळे दिल्लीहून स्वस्तात आणलेली एस पुष्कळदा इथल्या एमएच पासिंगच्या एसच्याच भावाला येऊन बसते. आधीच्या राज्यातला कर परत मागायचा अर्जही वेगळा करावा लागतो, आणि तो पैसा तुमच्या नावावर यायचा असेल तर पहिल्या मालकाची सही सौद्याच्या दिवशीच घ्या. नंतर तो फोन उचलेल याची खात्री नाही.