तेरडा, कुंडी नंबर ३ : महिना झाला, नखावरचा रंग अजून आहे

मंडळी, मागच्या वर्षी नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्याला एका बांधावरनं, शेतातल्या काकांना विचारून, रानतेरड्याचं बी आणलं होतं ते १४ जूनला गच्चीत पेरलं. आठवड्यात उगवलं पण जुलैच्या झडीत दोन कुंड्यांत पाणी तुंबलं आणि रोपं बुडातून कुजली, फार वाईट वाटलं. तिसरीत खाली विटांचे तुकडे होते, ती वाचली. ओल हवी पण साचलेलं पाणी नको, म्हणूनच तो उतारावर आणि बांधावर एवढा माजतो.

१८ ऑगस्टला पहिलं गुलाबी फूल. रोज जवळून बघतेय, आत वरच्या बाजूला पुंकेसर चिकटून झालेली पांढरट टोपी असते, आधी ती पराग देते, मग अख्खी गळून पडते आणि तेव्हा कुठे खालचं स्त्रीकेसराचं हिरवं टोक उघडं पडतं. म्हणजे एकच फूल आधी नर, मग मादी!

आता मुख्य गोष्ट. आजी नखुरडं झालं की तेरड्याचा पाला ठेचून बोटाला बांधायची, भाजलं तरी तोच लेप, थंडावा मिळतो म्हणायची (उघड्या जखमेवर मी स्वतः लावणार नाही). चीनमध्येही नखाच्या बुरशीवर तेरडा लावायची जुनी पद्धत आहे, आणि त्यातल्या नॅफ्थोक्विनोन गटातल्या एका रसायनाने बुरशी रोखली जाते हे प्रयोगशाळेत दिसलंय. कोरियात तर मुली फुलं-पानं तुरटीसोबत वाटून नखं रंगवतात, तेच २४ ऑगस्टला करून बघितलं, रात्रभर करंगळीला बांधून ठेवलं. सकाळी गुलाबी काहीच नाही, नख चक्क नारिंगी! पाकळीचा गुलाबी रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तो पाण्याने जातो, पण तेरड्यात मेंदीतलाच लॉसोन नावाचा रंग असतो आणि तो नखातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतो.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते फुलाचं झालं. आज २१ सप्टेंबर, भांडी घासून, कपडे धुऊन नख तसंच नारिंगी आहे, फक्त मुळाशी नवीन वाढलेली तीनेक मिलिमीटरची पांढरी पट्टी दिसते.

बोंडं आता फुगलीत, हात लावला की फटकन फुटून बी उडतं, म्हणून मलमलच्या पिशव्या बांधल्यात. आज रात्री डाव्या अनामिकेला नुसत्या पाकळ्या आणि मधल्या बोटाला नुसती पानं बांधतेय, तुरटी दोन्हीत सारखीच, बघू जास्त कोण रंगतंय.