मामा लालबागला, गाडी कॉव्हेंट्रीत

माझी माझदा एमएक्स-५ घरच्यांना अजून पटलेली नाही. दोनच सीट, वरचं छत कापडी, आणि वय वीसच्या पुढे. आईचा प्रश्न ठरलेला: "चौघं जण आलो तर बसवशील कुठे?" मामाला मात्र गाडी व्हिडिओ कॉलवर बघताक्षणी आवडली. मामा बेस्टच्या दादर वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाला. आयुष्यभर डबल डेकरच्या पोटाखाली घालवल्यामुळे असेल, पण कुठलीही गाडी दाखवली की त्याचं पहिलं वाक्य एकच, "खालून दाखव."

यंदा खालून दाखवायची वेळ आलीच. मी राहतो त्या कॉव्हेंट्रीत, म्हणजे इंग्लंडमध्ये, गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे खासगी गाडी पंधरा वर्षं आरटीओचं तोंड न बघता चालते, मध्ये पीयूसी काढत राहिलं की झालं. इथे ब्रेक, टायर, लाइट, सीटबेल्ट, पत्रा, सगळं दरवर्षी तपासतात. फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. आणि निकाल सरकारी साइटवर. गाडीचा नंबर टाकला की कोणालाही दिसतो, त्यामुळे जुनी गाडी विकताना थाप मारायची सोय नाही. हा प्रकार मुंबईत सुरू झाला तर सेकंडहँड गाड्यांच्या अर्ध्या बाजाराला घाम फुटेल.

माझी गाडी नापास झाली. कारण: मागच्या डाव्या चाकाची कॉइल स्प्रिंग तुटलेली. त्या बाजूने खड्ड्यात खट्ट असा आवाज यायचा, त्याचा उलगडा झाला.

इंग्लंडमध्ये स्प्रिंग तुटणं हे सर्दी-पडशाइतकं सामान्य आहे. थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून नगरपालिका खनिज मीठ टाकतात. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून ते निघतं, रंगाने विटकरी. ते पाण्याबरोबर उडून स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यात जाऊन बसतं. तिथे अडकलेल्या बारीक खड्यांनी वरचा लेप आधीच घासलेला असतो. मग गंज, गंजाचा खड्डा, त्यातून चीर, आणि एखाद्या गारठलेल्या सकाळी स्पीडब्रेकरवर कट्ट. मुंबईत वरळी सी-फेसला उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारा वारा खातो, इथल्या गाड्यांना रस्ताच खातो.

गॅरेजवाल्याने जे एस्टिमेट दिलं, त्यात दोन्ही मागच्या स्प्रिंगा शंभर पौंडांच्या आत होत्या. मजुरी त्याच्या कितीतरी पट. एक तुटली तरी दोन्ही बदलायच्या, नाहीतर गाडी एका अंगाला कलते, यात वाद नव्हता. वाद मजुरीचा होता. मामाला आकडा रुपयांत सांगितला. तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "पाने आहेत का तुझ्याकडे?"

पाने शेजाऱ्यांकडे होते. शेजारचे आजोबा जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्यात होते. २००५ मध्ये तिथली गाड्यांची जुळणी थांबली. त्यांच्या शेडमध्ये गोटी-पान्यांचा सेट, ते फिरवायची लांब टॉमी, गाडी टेकवायचे स्टँड, सगळं तेल पुसून मांडलेलं. फोन टूलबॉक्सला टेकवून ठेवला आणि लालबागहून मामा कामावर हजर झाला. तिकडे मागे कुकरची शिट्टी, इकडे रिमझिम.

या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे वर एक आर्म, खाली एक आर्म, आणि मधून शॉकअप, त्याच्याभोवती स्प्रिंग. डिकीचा गालिचा उचलला की शॉकअपचे वरचे दोन नट सापडतात. खालचा एक बोल्ट. एवढं सुटलं तरी शॉकअप बाहेर येत नाही, कारण खालचा आर्म जागा देत नाही. त्यासाठी आर्मच्या टोकाचा लांब बोल्ट काढायचा, आणि हा बोल्ट या गाड्यांमध्ये बदनाम आहे. सांध्यात बुश असतो, म्हणजे लोखंडी नळीभोवती रबर; त्या नळीत तो गंजून एकजीव होतो. पाना लावला की फिरतोय असं वाटतं, पण नळीही त्याच्याबरोबर फिरते आणि रबर नुसतं पिळलं जातं.

मी पाइप लावून जोर काढणार होतो. "थांब," मामा म्हणाला. "अर्धा आटा सोड. पाव आटा परत आवळ. तेल सोड, परत तेच. त्याला थकव, तू थकू नको." मामाच्या वर्कशॉपात याला रॉकेल चालायचं, आजोबांनी प्लसगॅस नावाचं तेल दिलं. गॅसचा बर्नर लावू का विचारलं तर लालबाग आणि कॉव्हेंट्री एकदमच नाही म्हणाले: रबर जळतं. रात्रभर तेल मुरल्यावर बोल्टने कुरकुरत माघार घेतली.

स्प्रिंग दाबायचं काम मला सगळ्यात भीतीचं वाटत होतं. दोन लांब आट्यांचे हुक समोरासमोर लावायचे आणि थोडे थोडे आवळायचे. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते. मामाने फोन जवळ घ्यायला लावला, हुक कुठल्या वेढ्याला लागलेत ते बघितलं आणि दटावलं, "तोंड त्याच्या रेषेत आणू नकोस. एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे."

तुटलेला तुकडा त्याने कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितला. तुटल्या जागेचा चंद्रकोरीसारखा भाग तपकिरी होता, बाकीचा चांदीसारखा. "तपकिरी आहे ती जुनी चीर. तेवढ्यावर गाडी बरेच दिवस धावली. चकचकीत भाग परवाचा." बसच्या पाट्यांमध्ये, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक पान तुटलं तरी बाकीची पानं डेपोपर्यंत आणतात, कॉइलला तशी भावंडं नसतात, हेही त्याने ऐकवलं. मी गमतीत विचारलं, वेल्डिंग करून घेऊ का? "पाणी उतरेल तिचं, लवचीकपणा जाईल. मग ती स्प्रिंग नाही, नुसता गज."

बसवताना त्याचा एकच हट्ट. बुशांचे बोल्ट चाक हवेत असताना पुरते आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी राहिली, वजन बसलं, की मगच शेवटचा आवळा. नाहीतर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. आजोबा हे इंग्रजीत मला सांगू लागले तेव्हा मामा तेच मराठीत सांगून मोकळा झाला होता.

नंतर दिवाळीत मुंबईला गेलो तेव्हा मामाने मला ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून हिंडवलं. काउंटरवर तुटका पार्ट ठेवायचा, दुकानदार तो हातात फिरवतो आणि पोऱ्याला हाक मारतो. नाहीच मिळाला तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारात बघायचं, तिथेही नाही तर लेथवर बनवून घ्यायचा. माझं मत असं झालंय की मुंबईत माणसाचा तास स्वस्त म्हणून वस्तू वाचते. इथे वस्तू स्वस्त, तास महाग, म्हणून पेन्शनीतले लोकही शनिवारी गाडीखाली आडवे असतात. हौस असते, पण हिशोब त्याहून मोठा. आणि मुंबईतल्या त्या तासाला खरी किंमत मिळत नाही, हे मामासमोर बोलायचं धाडस मला झालं नाही.

फेरतपासणीत गाडी पास झाली. कागदावर 'लक्ष ठेवा' या सदरात एक ओळ आली आहे: मागच्या चाकापुढच्या सिलला, म्हणजे दाराखालच्या पत्र्याला, गंज. या मॉडेलचं ते जुनंच दुखणं. मामाचं म्हणणं, गाडी बोटीत टाकून इकडे पाठव, आपल्या गल्लीत दुपारभरात पत्रा कापून नवा मारून देतील. त्याला सांगावं लागलं की तीन वर्षांहून जुनी सेकंडहँड गाडी भारतात आणता येत नाही. तेव्हापासून तो मला रोज वेल्डिंगचे व्हिडिओ पाठवतोय. मी मात्र इथल्या वेल्डरची पुढच्या महिन्यातली तारीख घेऊन ठेवली आहे.