पायातला चुना

रेफरलच्या कागदावर 'एबीआय १.६, नॉर्मल' असा शेरा होता. काकांच्या पायाचा अंगठा मात्र काळा पडलेला.

एबीआय म्हणजे घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडून पाहतात, तो आकडा. ०.९च्या खाली आला की पायाची धमनी अरुंद झालीय असं धरायचं. पण काकांचा मधुमेह २२ वर्षांचा. भिंतीत कॅल्शियम बसलेली धमनी पट्टा कितीही फुगवा, दबतच नाही, आणि आकडा उगाच चढतो. १.४च्या पुढचा एबीआय म्हणजे चांगला नव्हे, बिनकामाचा. अंगठ्याचा रक्तदाब घेतला तर फक्त २४ मिमी.

कॅथलॅबमध्ये धमनी दिसावी म्हणून डाय सोडतात. तो सोडायच्या आधीच मांडीतली धमनी एक्स-रेच्या पडद्यावर कॅल्शियममुळे दिसत होती, रेल्वेच्या रुळांसारखी. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पडद्याकडे बघून म्हणाले, "तंबाखूला लावलेला चुना खाली उतरला म्हणायचा!" म्हटलं, चुन्याला बोल लावू नका, तंबाखूला लावा. काका गप्प.

वायर अडलेल्या जागेपलीकडे न्यायलाच सव्वा तास गेला. बलून फुगवला तर दोन्ही टोकं फुगली आणि मधली कंबर तशीच. पडद्यावर हुबेहूब डमरू. इथं माझं चुकलं. लहरींनी कॅल्शियम फोडणारा लिथोट्रिप्सीचा बलून महाग, तो उघडायला नको म्हणून मी दाबच वाढवत गेलो. अठरा अॅटमॉस्फिअरला बलून फुटला. फक्त जागा बधिर केली होती, काका पूर्ण जागे. सगळ्यांचे चेहरे बघून विचारलं, "टायर बसला काय, साहेब?"

डाय सोडून पाहिलं. धमनी फाटली नव्हती. मगच माझा श्वास सुटला.

बाहेर जाऊन काकांच्या मुलाला लिथोट्रिप्सीचा खर्च सांगितला. तो म्हणाला, "करा."

मुतखडा फोडतात त्याच लहरी, इथं धमनीच्या आतून. बलून जेमतेम चार अॅटमॉस्फिअरला फुगवायचा. आतल्या द्रवात ठिणगी पडते, लहर मऊ भागातून निघून जाते आणि कडक कॅल्शियमला तडे देते. ३० ठोके, थांबायचं, परत ३०. पाचव्या फेरीला डमरूची कंबर सुटली. एवढ्या हळू सुटली, की आधी मला भासच वाटला.

अंगठा गेलाच, पण पाऊल राहिलं. दीड महिन्यानं काका पुढून कापलेली चप्पल घालून आले. डॉपलर यंत्रावर पायातल्या रक्ताचा 'सूं-सूं' आवाज काकूंनी दोनदा ऐकला.

"चुना काढला ना सगळा?" काकांनी विचारलं.

"नाही, आतच आहे. नुसत्या भेगा पाडल्यात."

"आणि तंबाखू?" काकूंनी मला नाही, त्यांना विचारलं.