उदबत्तीचा धूर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेने काय दिले' यावर लिहा, असा निरोप आला. मला आधी आठवला तो वर्कशॉपमधला शेलॅकचा, म्हणजे सांध्यांना लावायच्या लाखेच्या चिकट द्रावणाचा, वास.

१९८३-८४ साली मी टेक्निकलला होतो. वर्कशॉपच्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर जुन्या लष्करी जीपचं इंजिन होतं. विलीज कंपनीचं, चार सिलेंडरचं, २.२ लिटरचं. सगळे त्याला 'म्हातारा' म्हणत. त्याचे व्हॉल्व्ह (झडपा) हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात नव्हे, तर ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात. म्हणून इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर नेणारा) हे दोन्ही मॅनिफोल्डही, म्हणजे फाटे असलेले पाइपही, थेट ब्लॉकच्या कडेला बसायचे, एकाच बाजूला. शिवाय ते मध्यभागी एकमेकांना बोल्टनं जोडलेले, म्हणजे एक्झॉस्टच्या उष्णतेनं आत येणाऱ्या पेट्रोलची नीट वाफ व्हावी.

दहावीच्या दिवाळीनंतर आम्ही तिघांनी म्हाताऱ्याला पुरता खोलून पुन्हा जोडला. सुरू झाला, पण एका लयीत चालेना. मध्येच रेस वाढायची, मध्येच आचका देऊन बंद पडायचा आणि कुठून तरी बारीक शीळ ऐकू यायची. हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर आम्ही तीनदा उघडला. ठिणगीसाठीच्या पॉइंटचा गॅप बदलला, टायमिंग मागेपुढे केलं. चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी वर्कशॉपचे सर सरस्वतीच्या फोटोपुढची जळती उदबत्ती घेऊन आले. "आधी फॅनबेल्ट काढा, नाहीतर पंखा धूर उधळेल. आणि दोन मिनिटांच्या वर चालवायचं नाही, बेल्ट काढला की इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरत नाही." उदबत्ती इनटेकच्या सांध्याजवळून सावकाश फिरली. मागच्या टोकाला धूर एकदम वाकला आणि फटीत शिरला. कार्बुरेटरला वळसा घालून हवा आत जात होती. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होणार नाही तर काय!

आम्ही त्यावर जे केलं ते आज लिहितानाही लाज वाटते. सांध्यातल्या पॅकिंगवर दुसरं पॅकिंग, त्यावर शेलॅकचा थर, आणि पान्याला पाइप लावून नट आवळले. नट ज्यावर बसतो त्या एका स्टडचे आटे गेले. अर्धा तास शीळ गप्प होती, मग परत सुरू.

"काय रे, पॅकिंग म्हणजे भिंतीतलं भगदाड बुजवायचा गिलावा वाटला का?"

मॅनिफोल्डची जोडी उतरवून सरांनी सरफेस प्लेटवर (अगदी सपाट लोखंडी पाटावर) पालथी ठेवली आणि फट मोजायचा फिलर गेज माझ्या हातात दिला. एक्झॉस्टची तोंडं प्लेटला टेकलेली, इनटेकचं मागचं तोंड मात्र बारा थाउ (इंचाचे बारा हजारांश) वर. कानशीनं घासून काढावं म्हणून मी निघालोच होतो. सर म्हणाले, "थांब. मधले बोल्ट सैल कर." केले, आणि इनटेक अलगद खाली बसला. तोंडं सरळच होती! आम्ही दोन्ही मॅनिफोल्ड बाकावर एकमेकांना घट्ट आवळून मग ब्लॉकवर चढवले होते. वाकडं जोडलेलं वाकडंच बसणार.

मग स्टड बदलला, शेलॅक खरवडलं, एकच नवं पॅकिंग घातलं. मधले बोल्ट हातानं लागतील तेवढेच. ब्लॉकवरचे नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळले. मधले बोल्ट शेवटी. इंजिन तापवून, थंड होऊ देऊन, सगळे पुन्हा एकदा तपासले. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला.

पुढे पिंपरी-चिंचवडला इंजिन असेंब्लीवर सत्तावीस वर्षं काढली. आता इनटेक मॅनिफोल्ड बहुतेक प्लास्टिकचे असतात, त्यांच्या खोबणीत रबराची सील. शेलॅक नव्या पोरांना ऐकूनही माहीत नाही. जर्नल मात्र मी जपून ठेवलंय. त्या प्रयोगाला दहापैकी सहा गुण आहेत. मी पानभर उदबत्तीचं वर्णन केलं होतं. त्याखाली लाल शाईत सरांचा प्रश्न आहे: 'मधले बोल्ट कधी आवळले?'