इटली, पण लोकलने!

गाडी भाड्याने घ्यायची नाही हे आधीच ठरलं होतं, शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि चुकून घुसलात तर दंड घरपोच येतो. म्हणून व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स अशी वरून खाली सरळ रेघ मारली, उलटं फिरायचं नाही म्हणजे भाडं वाचतं. लांबच्या टप्प्यांना फ्रेच्चारोसा किंवा इटालो या फास्ट ट्रेन, यांचं तिकीट विमानासारखं महाग होत जातं सो आधीच काढून टाका. पण जवळपास फिरायला रेजिओनाले, म्हणजे तिथली लोकल, बेस्ट! दर ठरलेला, आदल्या रात्री ठरवलं तरी चालतं, फ्लॉरेन्सहून पिसा तासाभरात. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये छाप मारून घ्यायचा, मी विसरले होते, टीसी येईपर्यंत घाम फुटला.

व्हेनिसमध्ये राहणं परवडेना, मग शेजारच्या मेस्त्रेला राहिलो, तिथून सांता लुचिया, म्हणजे व्हेनिसचं स्टेशन, ट्रेनने १० मिनिटं. आणि नेपल्सहून पॉम्पेईला सर्कमव्हेसुव्हियाना नावाची लोकल, गर्दी अगदी डोंबिवली फास्टची आठवण करून देणारी, पाकीट सांभाळा बाकी काही नाही.